‘कोणाचा माणूस?’ विचारून बातमी कळत नाही

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या कारध्यात राजकारणाची बातमी वाचून झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोनाचा मानूस आहे थो?" बातमीत काय लिहिलंय ते मागे पडतं. लिहिणारा प्रफुल्ल पटेलांच्या गोटातला की नाना पटोलेंच्या, त्याचा मालक कुठल्या पक्षाचा, त्याचं आडनाव काय, कुणबी की पोवार की तेली की बौद्ध, हा शोध आधी सुरू होतो. तो लागला की बातमीचाही निकाल लागतो. आपल्या माणसाने लिहिलं असेल तर खरं, त्यांच्या माणसाने लिहिलं असेल तर सुपारी. आणि शोध लागलाच नाही, तर शेवटचं वाक्य तयार असतं: सगळेच विकले गेलेत.

हे वाक्य आता फक्त पानठेल्यावर ऐकू येत नाही. भंडाऱ्याच्या कोर्टातले वकील, कॉलेजातले प्राध्यापक, निवृत्त अधिकारी, सगळे तेच बोलतात, आणि ते बोलताना आपण फार जागरूक आहोत असं त्यांना मनापासून वाटतं. माझा या भूमिकेला विरोध आहे. पत्रकारांची बाजू घ्यावी म्हणून हा विरोध नाही. राजकीय पत्रकारितेचा हिशेब कठोरपणेच घ्यायला हवा, पण ‘कोणाचा माणूस’ या मापाने तो घेता येत नाही. ज्यांना खरोखर जाब विचारायला हवा तेच या मापातून अलगद सुटतात.

समोरच्यांच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा २००९ चा आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. प्रचाराच्या दिवसांत ‘अशोकपर्व’ नावाने पानंच्या पानं रंगीत मजकूर छापून आला. निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिलं की चव्हाणांच्या तरुण, तडफदार नेतृत्वाचं कौतुक करणारा एकच लेख लोकमत, महाराष्ट्र टाइम्स आणि पुढारी या एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दशः तसाच आला होता. उमेदवाराने वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवरचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. चव्हाणांनी पैसे दिल्याचं नाकारलं, वृत्तपत्रांनी घेतल्याचं नाकारलं. प्रकरण निवडणूक आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाणांच्या खर्चाच्या हिशेबावर ठपका ठेवला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला.

"बघा, सगळेच विकले गेलेले," असं म्हणायला हे उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. मला त्यातून नेमकं उलटं दिसतं. ही गोष्ट बाहेर कशी आली? कोणी साईनाथांना मालकांच्या जाती सांगितल्या नव्हत्या. संपादकांची पक्षनिष्ठा मोजून त्यांनी निष्कर्ष काढला नव्हता. त्यांनी तीन वृत्तपत्रं शेजारी शेजारी ठेवून मजकूर वाचला. हे काम नांदेडच्या किंवा भंडाऱ्याच्या कुठल्याही वाचनालयात बसून कोणताही वाचक करू शकला असता. आणि त्यासाठी पैशाची देवाणघेवाण सिद्ध व्हावी लागत नव्हती. उमेदवाराला अपात्र ठरवायचं तर न्यायालयाला पक्का पुरावा लागणारच, लागायलाच हवा. माझ्यासारख्या वाचकाला मात्र कोणालाही शिक्षा द्यायची नाही, एवढंच ठरवायचं आहे की हा मजकूर मी बातमी म्हणून स्वीकारू की नको. तीन वेगळ्या कचेऱ्यांतल्या तीन माणसांना एकाच क्रमाने तीच विशेषणं सुचत नाहीत. त्या पानांचा निकाल लावायला मला दिल्लीच्या निकालाची वाट पाहावी लागली नाही.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. वृत्तपत्रांची ही लबाडी ज्याने उघड केली तो पत्रकारच होता, आणि ती छापून आली वृत्तपत्रातच. प्रेस कौन्सिलने त्या काळात पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्या, तपासायला परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. दोघेही पत्रकार. त्यांनी वृत्तपत्रांची नावं घेऊन अहवाल लिहिला. कौन्सिलने २०१० मध्ये तो बाजूला ठेवून नावं नसलेला छोटा अहवाल काढला. मूळ अहवाल लोकांसमोर यायला २०११ साल आणि केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. ‘सगळेच विकलेले’ म्हणणारा माणूस या दोघांना आणि त्यांचा अहवाल दाबणाऱ्यांना एकाच ओळीत उभं करतो. दाबणाऱ्यांना याहून सोयीचं दुसरं काय असणार?

आता मालकाच्या पक्षाचा मुद्दा. पैसा कुठून येतो हे वाचकाला कळलंच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण पैशाचा उगम कळला म्हणजे मजकुराची किंमत कळली, हे मला मान्य नाही. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं. त्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. एका संस्थानाच्या राजाने दिलेला पैसा. आजचं माप लावलं तर ‘मूकनायक’ हे दरबारी पत्र ठरेल आणि वाचायच्या आधीच बाद होईल. त्याच वेळी ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. ‘केसरी’ सरकारपुढे वाकलं नव्हतं, त्यासाठी टिळकांनी तुरुंग भोगला होता. पण सरकारपासून स्वतंत्र असलेलं पत्र आपल्याच समाजाच्या रूढीपासून स्वतंत्र असेलच असं नाही. कोण कोणापासून स्वतंत्र, हे प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं. हेच बाबासाहेब १९५४ च्या मे महिन्यात आमच्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. मुंबई-नागपूरच्या मोठ्या वृत्तपत्रांनी आपल्याला काय वागणूक दिली, याचा जेवढा अनुभव त्यांच्याकडे होता तेवढा फार थोड्यांकडे असेल. तरी त्यांनी "सगळी वृत्तपत्रं विकलेली" असं म्हणून हात झटकले नाहीत. ते एकामागून एक पत्रं काढत राहिले: बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत.

माझ्या म्हणण्याचा खरा आधार मात्र याच जिल्ह्यातला आहे आणि तो सांगताना आजही जीभ जड होते. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना गावातल्या जमावाने ठार मारलं. आई, मुलगी आणि दोन मुलगे. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. त्या महिन्याच्या सुरुवातीला शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली होती. त्या प्रकरणात मायलेकींनी हल्लेखोरांची नावं सांगितली होती. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हे घडलं. प्रेतं कालव्यात टाकली गेली.

बातमी आली, पण कशी? छोटी, आणि पोलिसांच्या तोंडची. बाईच्या चारित्र्यावर संशय, अनैतिक संबंध, त्यातून गावकऱ्यांचा उद्रेक, अशी ती कहाणी होती. तीन दिवसांनी, २ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव होता. देशभरातून लाखो माणसं आली होती, त्यांच्यासोबत देशभरातले पत्रकारही. भंडारा तिथून साठ किलोमीटरच्या आसपास. तरीही खैरलांजी ही मोठी बातमी व्हायला महिना जवळजवळ सरला. नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर उतरले, विदर्भ पेटला, तेव्हा गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका बोलून दाखवली, आणि ती शंका मात्र ताबडतोब मथळ्यात गेली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं. त्यातल्या सहा जणांना दिलेली फाशी नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये २५ वर्षांच्या कैदेत बदलली.

त्या पहिल्या महिन्यात पत्रकारांना कोणी विकत घेतलं होतं? पाकीट द्यायची गरजच पडली नाही. ठाण्यातून जे सांगितलं ते लिहून घेतलं गेलं. भैयालाल भोतमांगे जिवंत होते, स्वतः पाहिलेलं सांगत होते, त्यांच्याकडे आधी कोणी गेलं नाही. मरण पावलेल्या बाईबद्दलची कुजबूज खरी मानायला पुरावा लागला नाही, पण तिच्या नवऱ्याच्या सांगण्याला पुरावा लागला. हा अपराध पैशाच्या हिशेबात सापडत नाही. ‘कोणाचा माणूस’ विचारणारा वाचक त्या दिवशी ती बातमी वाचून समाधानी झाला असता, कारण लिहिणारा कुठल्याच नेत्याचा माणूस नव्हता. वाचकाने विचारायला हवं होतं ते वेगळंच: या बातमीत कोण बोललंय? फक्त पोलीस. कोण बोललेलं नाही? ज्याचं घर गेलं तो.

इथे एक जबाब मला नेहमी मिळतो. "म्हणजे आडनावं बघावीच लागतात की. वृत्तपत्रांत दलित असते तर असं झालं नसतं." या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी टाळणार नाही. खैरलांजी घडलं त्याच २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी केली होती. निर्णय घेणाऱ्या त्या ३१५ जणांत एकही दलित किंवा आदिवासी सापडला नाही. हा आकडा लाजिरवाणा आहे. कुठले प्रश्न विचारलेच जात नाहीत, याचं कारण त्यात सापडतं. पण एखाद्या कचेरीत कोण बसलंय याची मोजदाद करणं वेगळं आणि एका माणसाच्या आडनावावरून त्याची बातमी खोटी ठरवणं वेगळं. पहिल्यातून संपूर्ण धंद्याला जाब विचारता येतो. दुसऱ्यातून वाचकाला न वाचण्याची मुभा मिळते.

खैरलांजीनेच ते दाखवलं आहे. मौन फोडण्याचं पहिलं काम सत्यशोधनासाठी गावात गेलेल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांचं. मोठ्या इंग्रजी वृत्तपत्रात ऑक्टोबरच्या अखेरीस सविस्तर लिहिलं ते सबरिना बकवॉल्टर या अमेरिकन तरुणीने. तिला इथली जात जन्माने ठाऊक नव्हती, ती विचारून समजून घ्यावी लागली. तो लेख छापला टाइम्स ऑफ इंडियाने. आणि तीन वर्षांनी ‘अशोकपर्वा’त ज्याचं नाव आलं तो महाराष्ट्र टाइम्स याच मालकाचा. मालक तोच, छपाईचा धंदा तोच. एका ठिकाणी देशाला हादरवणारी बातमी, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याच्या कागदावरून उतरवलेलं कौतुक. मालक बघून निकाल देणाऱ्याने यातलं काय स्वीकारायचं आणि काय टाकायचं?

आता त्या ‘सगळेच’ या शब्दाकडे वळतो, कारण त्यात सगळ्यात मोठा अन्याय आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांनी प्रस्तावित रिफायनरीच्या समर्थकाबद्दल बातमी लिहिली. ६ तारखेला ती ‘महानगरी टाइम्स’मध्ये आली, त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याबद्दल होती त्यालाच पोलिसांनी या गुन्ह्यात अटक केली. मुंबई-पुण्याच्या वाचकाने वारिशेंचं नाव त्याआधी ऐकलेलंही नव्हतं. तालुक्याचा पत्रकार असाच असतो. विकायला काही नसलेल्या माणसालाही आपण त्या ‘सगळेच’मध्ये बसवतो.

मात्र धैर्य म्हणजे खरेपणा, असंही मी म्हणणार नाही. आपल्याकडे तुरुंगात जाऊन आलेला पत्रकार आपोआप विश्वासार्ह ठरतो आणि हाही ‘कोणाचा माणूस’ याच विचाराचा दुसरा चेहरा आहे. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. कोल्हापूरचे दिवाण बर्वे छत्रपतींचा छळ करतात, असा आरोप त्यांनी पत्रांच्या आधारे छापला होता. ती पत्रं बनावट निघाली. दोघेही कोणाला विकलेले नव्हते, दोघांचंही धैर्य वादातीत होतं, आणि तरी त्यांनी छापलेला पुरावा खोटा होता. माणूस स्वच्छ म्हणून कागद खरा, हे तेव्हाही चालत नव्हतं. आज एखादा संपादक सरकारला रोज शिव्या घालतो म्हणून त्याचं सगळं खरं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. सरकारची रोज आरती करणाऱ्याचं सगळं खरं मानणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

राजकीय पत्रकारितेचं दुखणं खरं कुठे आहे, ते आमच्या जिल्ह्यातल्या कोणालाही माहीत आहे. वर्तमानपत्रं नागपूरला छापली जातात. पवनी, लाखांदूर, तुमसर, साकोलीचा वार्ताहर बहुतेक ठिकाणी पगारी नोकर नसतो. त्याला मानधन मिळतं ते नावापुरतं. त्याची खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याचा वाढदिवस आला की पुरवणी निघते, शुभेच्छुकांची यादी गोळा करायची जबाबदारी वार्ताहरावर, आणि नागपूरहून आकडाही ठरवून येतो. आता हा माणूस वैनगंगेच्या रेतीघाटावर रात्रभर टिप्पर कोणाचे चालतात, हे कसं लिहिणार? वाढदिवसाच्या पानावर ज्यांचे हात जोडलेले फोटो आहेत, त्यांतल्याच कोणाची नावं त्या बातमीत येण्याची शक्यता असते. आणि रेतीच्या धंद्यातल्या लोकांनी महसूल अधिकाऱ्यांवरही हात टाकल्याच्या घटना या जिल्ह्यात घडलेल्या आहेत. तिथे वार्ताहराच्या पाठीशी कोण आहे?

नेत्यांनी ही कमजोरी नेमकी हेरली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष, आमच्या शेजारच्या नागपूर जिल्ह्याचे चंद्रशेखर बावनकुळे यांचं अहमदनगरमधलं बोलणं बाहेर आलं. आपापल्या बूथच्या भागातल्या पत्रकारांची यादी करा, त्यांना चहाला बोलवा, ढाब्यावर न्या, पक्षाच्या विरोधात बातमी यायला नको, असा त्याचा आशय होता. पत्रकारांना सन्मानाने वागवा एवढंच आपल्याला म्हणायचं होतं, असा खुलासा त्यांनी नंतर केला. खुलासा ज्याला पटेल त्याने मानावा. माझं लक्ष यादीकडे आहे. दिल्लीतल्या वाहिनीच्या प्रसिद्ध चेहऱ्याची ती यादी नव्हती, बूथवरच्या, बिनपगारी माणसाची होती. आणि दुसऱ्या पक्षांच्या कार्यालयांत अशा याद्या नसतात, असं मानण्याइतका भोळा या जिल्ह्यात कोणी नाही.

तेव्हा ज्याला ‘विकला गेलेला’ म्हणतो, त्याला आधी बिनपगारी ठेवलं कोणी, हे विचारायला हवं. वार्ताहराच्या वागण्याला हे समर्थन होत नाही. पाकीट घेणारा पाकीट घेणाराच. पण त्याला शिवी देऊन मोकळं होणाऱ्या वाचकाला जाहिरातीचा आकडा ठरवणारा मालक दिसत नाही, आणि मालकाची तीच अपेक्षा असते.

मग वाचकाने पारखायचं कसं? आमच्या कारध्याच्या पुलापाशी वैनगंगेच्या पाण्याची पातळी मोजतात. पावसाळ्यात जिल्हाभर तोच आकडा फिरतो. धोक्याची पातळी २४५.५० मीटर. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात तुफान पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी खाली आलं, गोसेखुर्द धरणाची ३३ दारं उघडली तरी भंडारा शहरात पाणी शिरलं. त्या रात्री आकडा कळवणारा माणूस कोणाचा आहे, हे कोणी विचारलं नाही, कारण आकडा खोटा असता तर पुलाजवळ उभ्या असलेल्या कोणालाही तो पकडता आला असता. राजकीय बातमीतही मी हेच शोधतो. लिहिणाऱ्याने मला पडताळायला जागा ठेवली आहे का? गाव कुठलं, तारीख कुठली, कागद कुठला, बोललं कोण? ‘सूत्रांनी सांगितलं’ हे अधिकाऱ्याच्या त्रासाला भिणाऱ्या शिपायासाठी असेल तर मी समजू शकतो. मंत्र्याच्या फायद्याची बातमी मंत्र्याच्याच ‘निकटवर्तीय सूत्रां’कडून आली असेल तर ती मी बातमी मानत नाही, मग ती माझ्या आवडत्या पत्रकाराने का लिहिलेली असेना.

पत्रकार यावर म्हणतात, "आम्ही दोन्ही बाजू दिल्या." ही पळवाट त्यांनी सोडून द्यावी. २८ मे २०१८ ला भंडारा-गोंदिया लोकसभेच्या पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट यंत्रं जागोजागी बंद पडली. एका बाजूने घातपाताचा आरोप, दुसऱ्या बाजूने उन्हाचं कारण. दोन निवेदनं शेजारी शेजारी छापली की निःपक्षपणा झाला? ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान झालं. कुठली केंद्रं, तिथे मतदान किती वाजता थांबलं, नवी यंत्रं किती वेळाने आली, किती मतदार उन्हातून परत गेले, हे केंद्रावर जाऊन विचारता येत होतं. तटस्थ राहण्याच्या नावाखाली तिथे न जाणं, हा राजकीय पत्रकारितेतला सगळ्यात प्रतिष्ठित आळस आहे.

आणि पारख एका बातमीवरून करू नये. गोसेखुर्दचं भूमिपूजन राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला केलं. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. या काळात काँग्रेस, शिवसेना, भाजप, राष्ट्रवादी, सगळ्यांची सरकारं येऊन गेली आणि प्रत्येक सरकारच्या मंत्र्याने काम पूर्ण होण्याची तारीख दिली. पत्रकाराचं स्वातंत्र्य बघायला याहून चांगली जागा आमच्या भागात नाही. नवी तारीख जाहीर झाली की त्याने मागच्या मंत्र्याची तारीख त्याच बातमीत दिली का? आपल्या आवडीच्या पक्षाचा मंत्री बोलत असताना दिली का? दहा वर्षांची कात्रणं काढली की दोन तासांत चित्र स्पष्ट होतं. पत्रकाराला मत असू नये, त्याने मतदानसुद्धा करू नये, असल्या अपेक्षा मला पटत नाहीत. कुमार केतकर ‘लोकसत्ता’चे संपादक होते आणि २०१८ मध्ये काँग्रेसकडून राज्यसभेत गेले. भारतकुमार राऊत ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक होते आणि २००८ मध्ये शिवसेनेकडून गेले. यांच्या आधीच्या लेखनाचं काय करायचं, असं लोक विचारतात. जे लिहिलं ते छापून ठेवलेलं आहे, ते काढून वाचायचं. पुढच्या खुर्चीवरून मागचं लेखन आपोआप खोटं ठरत नाही, तसं खरंही ठरत नाही.

चूक झाल्यावर पत्रकार काय करतो, हीही मोठी खूण. मार्च २०१६ मध्ये ‘लोकसत्ता’ने मदर तेरेसांवरचा ‘असंतांचे संत’ हा अग्रलेख दुसऱ्याच दिवशी मागे घेतला आणि दिलगिरी व्यक्त केली. भावना दुखावल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणं सोपं आहे. अग्रलेखातलं कुठलं विधान चूक होतं, की कुठलंच चूक नव्हतं, हे वाचकाला कळायला हवं होतं. चूक असेल तर ती दाखवावी, नसेल तर शब्दावर उभं राहावं. अग्रलेखच नाहीसा केल्याने वाचकाच्या हाती काहीच उरत नाही.

"एवढं तपासायला सामान्य माणसाला वेळ कुठे?" हा शेवटचा आक्षेप. पत्रकाराची जात, त्याच्या मालकाचा पक्ष, त्याचा मेहुणा कोणाकडे ठेकेदारी करतो, एवढी माहिती काढायला आपल्याला वेळ मिळतो. तेवढ्या वेळात बातमी दोनदा वाचून होते.

काही कामं मात्र एकट्या वाचकाची नाहीत. पेड न्यूजवर लक्ष ठेवायला निवडणूक आयोगाने जिल्हा पातळीवर माध्यम समित्या नेमल्या आहेत, पण त्या निवडणुकीपुरत्या. त्यांनी कुठल्या वृत्तपत्राच्या कुठल्या मजकुराला पेड न्यूज ठरवलं, हे तहसील कार्यालयाच्या फलकावर नावानिशी लागायला हवं. विधी आयोगाने मार्च २०१५ मधल्या २५५ व्या अहवालात पेड न्यूज हा निवडणूक गुन्हा करावा अशी शिफारस केली, ती तशीच पडून आहे. वाढदिवसाच्या पुरवणीवर ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याएवढ्या अक्षरात छापायला कुठल्याही कायद्याची गरज नाही. आणि वार्ताहराकडून जाहिरातीचं काम काढून घ्या, त्याला बातमीचा पगार द्या, ही मागणी आम्ही वाचकांनी मालकांकडे कधीच केलेली नाही. ती करायला नागपूरच्या संपादकाला गावातल्या पन्नास जणांच्या सह्यांचं पत्र पाठवता येतं. ते पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात छापून येतं की नाही, यावरूनही त्या वृत्तपत्राबद्दल बरंच कळेल.